एकशे अडुसष्ट गाठी आणि मी

मी एक जुनी संख्या आहे. माझ्या अंगावर सात अंक आहेत: सुरुवातीला एक, मग पाच शून्ये आणि शेवटी नऊ. मित्रांनो, मला कोणी घडवले नाही. मोजणारे कोणी नव्हते तेव्हाही मी दहा लाखांच्या पुढे नऊ पावलांवर उभी होते. लोक दहा लाखांशी थांबत. माझ्यापर्यंत कोणी येत नसे.

१९८३ च्या मार्चमध्ये घाटकोपरच्या भटवाडीतली नलिनी आली. ती बी.एस्सी.ला होती. कॉलेजच्या प्रदर्शनासाठी तिने मला तक्त्यावर लाल रंगात काढले आणि खाली लिहिले, ‘ही मूळ संख्या आहे.’ म्हणजे एक आणि मी स्वतः सोडून मला कोणीही पुरते भागू शकत नाही. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. पण तो खरा ठरायला हजाराच्या आतल्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी मला भागून पाहायला हवे होते, आणि ते काम रंग वाळल्यावर सुरू झाले. तक्ता सोमवारी विद्याधर सरांपुढे लागणार होता.

रविवारी दुपारी नलिनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार करू लागली. शेजारी तिचे वडील गुणाजी बसले. मिलच्या संपामुळे मागावरचे त्यांचे हात चौदा महिने रिकामे होते. नलिनी कागदावर त्या संख्येपुढे खूण करी; तिने बाकी मोठ्याने सांगितली, की ते सुताला एक गाठ मारत. सातने भागले, तीन उरले, गाठ. दिवस कलला तेव्हा नऊशे सत्त्याण्णवने भागले, अठरा उरले, गाठ.

“झालं! एकशे अडुसष्ट खुणा.”

गुणाजींनी सूत बोटांवरून सरकवले. “एकशे सदुसष्ट.”

“बाबा, एखादी सुटली असेल.”

“इणकराची गाठ सुटणा नाय गो.”

“मग सरांना काय सूत दाखवू?”

“मघाचा चहा तसाच पडलाय,” आई रुक्मिणी म्हणाली. “त्या आकड्यालाच पाजू का?”

मी मूळ नाही हे मला ठाऊक होते. हजाराचा आणि तीनचा वर्ग मिळवला की मी होते. ९७२ आणि २३५ यांचे वर्ग मिळवले तरी मीच होते. मूळ संख्येकडे दोन वर्गांच्या बेरजेच्या अशा दोन वाटा येत नाहीत. पण मला बोलता येत नव्हते.

नलिनीने चिडून कागद पुन्हा वरपासून पाहिला. दोनशे त्र्याण्णवपुढे खूण होती, बाकी नव्हती. तिथे मघाच्या चहाच्या कपाचा गोल डाग होता.

तिने भागाकार मांडला. पहिल्या पायरीला ८७९ वजा झाले. शेवटच्या पायरीला वर उरले तेही ८७९. इतक्या शून्यांमधून फिरून तेच तीन अंक परत आले होते. तिने वजाबाकी केली.

“बाबा, शून्य.”

गुणाजींनी गाठ मारली.

मित्रांनो, आम्हा संख्यांना मानाचा सोस नसतो. आम्ही जशा आहोत तशा आम्हाला लिहा, आणि खूण करण्याआधी बाकी पाहा.

सोमवारी तक्त्यावरची ओळ खोडलेली होती. तिच्याखाली एक सूत डकवले होते, गाठी १६८, आणि शेजारी लाल रंगात:

१०,००,००९ = २९३ × ३४१३.