धंद्याचा खोकला

मित्रांनो, मी एका पिंजाऱ्याची जुनी धुनकी आहे. आता 'धुनकी म्हणजे काय?' असं विचारू नका हं, मला राग येतो. तुमच्या आजोबांच्या गादीतली रुई माझ्यासारखीनंच कधीतरी पिंजली असेल. माणसाएवढं लांब लाकूड, त्यावर ताणलेली तात, म्हणजे आतड्याची दोरी, आणि आढ्याला दोरीनं टांगलेलं अंग, अशी मी. पिंजारी तातेवर लाकडी मुठीनं ठोका मारतो, मी थरथरते आणि दबलेली रुई फुगून उडू लागते. मला एवढंच येतं. ऐकते सगळं, पण बोलता काही येत नाही.

माझा धनी गयासुद्दीन, वलगावचा. मला त्याच्या अब्बांनी सागाच्या लाकडाची करून घेतली होती. तरणा होता तेव्हा गयासुद्दीन मला खांद्यावर टाकून सायकलनं गावोगाव फिरायचा. माझा आवाज ऐकला की पोरं मागं लागायची. बाया ओट्यावर येऊन म्हणायच्या, "गयासभाऊ, गादीचा पार पापड झाला जी, फुगवून द्या ना थोडी!" संध्याकाळी तो घरी यायचा तो भुवया पांढऱ्या करून. त्याची बायको अनवरी पदर तोंडाशी धरून हसायची, "अगं बाई, एका दिवसात म्हातारे झाले की जी तुमी!" त्या दिवसांत माझा काय मान होता म्हणून सांगू!

रुईची धूळ मात्र त्याच्या छातीत जायची. सकाळी उठला की तो मोठ्यानं खोकायचा, खाकरून कफ टाकायचा आणि मग चहा मागायचा. "पिंजाऱ्याचा खोकला, जनमाचा सोबती," असं तोच म्हणायचा. अनवरीला त्या खोकल्यानंच जाग यायची.

पुढं गावात पिंजायची मशीन आली, दुकानात फोमच्या गाद्या आल्या. शेतकऱ्यांच्या घरी कापसाचाच पत्ता नव्हता, तिथं नवी गादी कोण भरणार? मी आढ्यालाच राहिले. माझ्यावर कोळ्यांनी घरं केली. मला वाईट वाटायचं, पण गयासुद्दीन रोज एकदा माझ्या तातेवर बोट मारायचा आणि मला तेवढंच पुरायचं.

बोंडअळीच्या साली त्याच्या लेकीचं, निखतचं लग्न ठरलं. भातकुलीचा त्याचा दोस्त मोतीराम. अळीनं त्याचं अर्धं वावर खाल्लं होतं. तरी त्यानं चांगली बोंडं निवडून, सरकी काढून, रुईचं एक पोतं शिवून आणून दिलं. "पोरीची गादी तुया हातचीच पाह्यजे, गयास," म्हणाला. गयासुद्दीनचे डोळे भरून आले. पोतं माझ्याच खाली ठेवलं.

आणि त्याच महिन्यात त्याच्या छातीत गाठ निघाली. कॅन्सरची. ज्यानं जन्मात विडीला हात लावला नाही, त्याला!

अकोल्याला किरणांचे उपचार सुरू झाले. आमच्या घरात त्याला 'शेक' म्हणायचे. अमरावतीच्या डॉक्टरनं रोजची एक गोळी दिली. ही गोळी नेमकी गाठीवरच काम करते म्हणे. डॉक्टरनं बजावलंही होतं, शेक आणि गोळी दोन्ही मिळून फुप्फुसाला सूज आणू शकतात. खोकला वाढला, दम लागला, कणकण आली, तर थांबू नका, तडक या. अनवरीनं घरी येऊन शेजारच्या तानुबाईला हे शब्दन्‌शब्द सांगितलं. मी ऐकलं.

आधी तोंडावर पुरळ उठलं, इतकं की उशी टोचायची. घाबरून दोघं दवाखान्यात पळाले. डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका, गोळी लागू पडते त्याची ही खूण." मलम दिलं. दोघं हसत घरी आले. तेव्हापासून घरात एकच बोलणं. जुलाब झाले, "दवा काम करून राहिली." तोंड आलं, "दवा काम करून राहिली."

शेक संपले आणि काही दिवसांनी एक खोकला सुरू झाला. कोरडा. कफ नाही, काही नाही. दिवसभर ठक ठक, बोलता बोलता वाक्य तुटायचं. न्हाणीतून येईपर्यंत दम लागायचा. तानुबाईनं विचारलं, "खोकला काहून वाढला जी, गयासभाऊ?"

"धंद्याचा हाय तो," गयासुद्दीन हसला. "आज थोडीच लागला?"

अनवरीनं मुलेठीचा, म्हणजे ज्येष्ठमधाचा, काढा केला, छातीला गरम तेल चोळलं. तपासणीच्या दिवशीही डॉक्टरनं खोकल्याचं विचारलं, तर यानं हेच उत्तर दिलं म्हणे. अहो, माझा जीव तीळतीळ तुटत होता! त्याचा खोकला मला माहीत होता. तो सकाळचा होता, ओला होता, चहाबरोबर जायचा. हा तो नव्हताच. पण तातेला कुणी ठोका मारल्याशिवाय माझा आवाज निघत नाही, आणि निघाला तरी त्यात शब्द नसतात.

एका दुपारी त्यानं मला खाली घेतलं. "निखतची गादी करून टाकतो," म्हणाला. कोळिष्टकं पुसली, तात ताणली. नुसता एक ठोका मारून पाहिला. दुसरा मारायला हात उचलला आणि खोकल्यानं तो जो वाकला, तो सरळच होईना. ओठ निळसर झाले.

अनवरी पाणी घेऊन धावली. "किती सांगतलं, रुईले हात लावू नका!" ती ओरडली. आणि तिची नजर पोत्यावर गेली. ती तिथंच थांबली.

"पोतं तं शिवलेलंच हाय," ती हळूच म्हणाली. "रुई तं निंघालीच नाही. मंग हा खोकला कायचा जी?"

मी इतके दिवस जे सांगू शकत नव्हते, ते त्या शिवणीनं सांगितलं. पण उशिरा. त्याच दुपारी त्याला अमरावतीला नेलं. गोळी थांबवली, सूज उतरायची इंजेक्शनं दिली, नाकाला ऑक्सिजन लावला. फोटोत गाठ अर्धी झालेली दिसली. फुप्फुसं मात्र सुजून घट्ट झाली होती. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." अनवरी सगळ्यांना सांगत राहिली, "मले वाटलं, धंद्याचा हाय." दहा जणांना सांगितलं असेल तिनं.

गयासुद्दीन घरी आला तो चादरीखाली. मय्यतीच्या तयारीला, नाकाकानात ठेवायला, रुई लागते. कुणीतरी बाजारात निघालं, तेव्हा निखत उठली. तिनं पोत्याची शिवण दातानं तोडली आणि तिच्या गादीच्या रुईतली मूठभर रुई अब्बांसाठी काढून दिली. न पिंजलेलीच.

मित्रांनो, मला पुन्हा आढ्याला टांगलंय, खाली उघडं पोतं आहे. मला कुणी वाजवत नाही, त्याचं आता काही वाटत नाही. तुमच्या घरी कुणी असे उपचार घेत असेल आणि खोकत असेल, तर "हा तर जुनाच" म्हणून सोडू नका. जवळ बसून नीट ऐका आणि डॉक्टरला सांगा. तुम्हाला तर बोलता येतं ना?