दोरा दिसला पाहिजे

मिरचीला हळू बोलणं माहीतच नव्हतं. म्हणून तिने जे म्हटलं ते वर्गातल्या सगळ्याजणींनी ऐकलं.

"मावशी, दोन महिने झाले मला येऊन. मी आत्तापर्यंत फक्त पाठी शिकले. हिची पाठ, तिची पाठ. पाठींची परीक्षा घ्या, पहिली येईन."

रफूवाल्या मावशी टेबलाशी बसून एका कोटाच्या बाहीवरचं भोक बुजवत होत्या आणि पाचजणी त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. सहावी मिरची. ती चाकांच्या खुर्चीत, मागे. तिची खुर्ची टेबलाच्या पायांत अडकायची, आणि पुढे घेतली तरी बसल्या जागेवरून तिला मावशींचं कोपरच दिसायचं. सुईच्या टोकाशी चाललेला खेळ बोटभर जागेतला. तो बघायला डोळे तिथेच न्यावे लागत.

मावशींनी सुई बाहीत खुपसून ठेवली आणि म्हणाल्या, "पंधरा दिवस दे मला."

"कशाला?"

"ते मलाही अजून कळायचंय."

चाळीस वर्षं त्यांनी रफू केलं होतं. सिगारेटने जळलेले कोट, कसरीने खाल्लेल्या शाली, खिळ्याला अडकून फाटलेल्या पँटी. कापडाच्याच आतल्या शिवणीतून दोरे ओढून काढायचे आणि भोकावर नवं कापड विणायचं, असं की मालकालाही जागा सापडू नये. पण या कामात लपवायचं सगळं आणि शिकवताना दाखवायचं सगळं, ही मोठी गोची होती.

त्या रात्री जेवताना त्यांनी धाकट्या दिरांना विचारलं. भावजी एका कचेरीत कारकून होते आणि घरातल्या प्रत्येक यंत्रावर त्यांचं मत असे. घरातच भरणाऱ्या वर्गाच्या खोलीत कॉम्प्युटर होता, तोही त्यांच्याच कचेरीतून मोडीत निघालेला. वहीएवढ्या रुंदीचा, उभा, सडपातळ खोका. भिंतीवर टीव्ही होता. सुईवर रोखता येईल असा छोटा भिंगाचा कॅमेरा बाजारात मिळतो, तो कॉम्प्युटरला जोडायचा, आणि कॉम्प्युटरवरचं चित्र टीव्हीवर आणायचं. बस्स, एवढंच.

"एवढंच," भावजी म्हणाले. "उद्या करून टाकतो."

त्यांनी दुसऱ्या दिवशी कॅमेरा आणि अंगठ्याएवढी एक जोडणी आणली. कॉम्प्युटरच्या मागे जुन्या पद्धतीचं निळं तोंड, टीव्हीला नव्या पद्धतीचं चपटं. ही जोडणी दोघांची गाठ घालून देणार होती. चित्र आलं. भावजींनी हात झाडले. मावशींनी कापडाचा तुकडा कॅमेऱ्याखाली सरकवला आणि टीव्हीपाशी जाऊन नाक लावून उभ्या राहिल्या.

"दोन दोऱ्यांचा एक झालाय."

"वहिनी, चित्र तर दिसतंय!"

"चित्र दिसतंय. दोरा दिसत नाही. आणि मी सुई हलवली की ते अडखळत चालतं, पायात गोळा आल्यासारखं."

"या खोक्यात दम नाही. नवा कॉम्प्युटर घ्या, नाहीतर सोडा नाद."

नाद सोडायचा सल्ला मावशींना आयुष्यात बऱ्याचजणांनी दिला होता. त्यांनी सकाळी पर्स घेतली आणि बाजार गाठला.

पहिलं दुकान मोठं, काचेचं. तिथल्या चुणचुणीत विक्रेतीने त्यांचं म्हणणं अर्धं ऐकलं. "म्हणजे तुम्हाला ग्राफिक्स कार्ड हवंय. चित्र काढायचं काम तेच करतं. आतल्या खाचेत बसवलं की त्याचं स्वतःचं टीव्हीचं तोंड मिळतं, अडखळणंही थांबतं." आणि तिने काउंटरवर एक वस्तू ठेवली. तीन पंख्यांची, विटेएवढी जाड, कडेला रंगीत दिवे.

"हे कशासाठी असतं?"

"गेमसाठी. एकदम सुसाट!"

"बाळा, मला गेम खेळायचा नाही. मला दोरा दाखवायचाय."

"मग तर काय, दोरा धावत येईल!"

मावशी वीट हातात घेऊन वजन करत राहिल्या. "हे माझ्या खोक्यात मावेल?"

"कोणता खोका आहे?"

आता पंचाईत झाली. खोका कोणता, हे मावशींना सांगता येईना. सडपातळ आहे, काळा आहे, एवढंच. विक्रेती हसली. वाईट नाही हसली, पण हसली. मावशींनी कानाला खडा लावला. माप न घेता कापडाच्या दुकानात त्या कधी गेल्या नव्हत्या; इथे कशा आल्या?

घरी आल्यावर त्यांनी खोक्याचा एकाच स्क्रूवर तगलेला पत्रा काढला. आत दोऱ्यांची पिसं, धूळ आणि मावशींची हरवलेली एक टाचणी. त्यांनी मापपट्टी घेतली. खाचेपासून पुढच्या पेटीपर्यंत किती, मागच्या पत्र्यातली उभी फट किती उंच, शेजारी जागा किती. मग खाकी कागद घेऊन आतल्या मोकळ्या जागेचा नमुनाच कापला, जसा बाहीचा कापतात. कोपऱ्यातल्या वीजपुरवठ्याच्या डबीवर बारीक आकडे होते; ते भिंगाखाली वाचून वहीत उतरवले. टीव्हीच्या मागची तोंडं एकेक करून चितारली.

दुसऱ्या दिवशी त्या काचेच्या दुकानात गेल्या नाहीत. एका इमारतीच्या जिन्याखाली एक दुरुस्तीवाला बसायचा, त्याच्याकडे गेल्या. त्याचं दुकान म्हणजे खणांचं एक कपाट आणि एक स्टूल. तो एका यंत्राच्या पोटात डोकं घालून बसला होता.

"टीव्हीला मागे काय आहे?" त्याने मान वर न करता विचारलं.

मावशींनी चित्र पुढे केलं.

"खोका केवढा?"

मावशींनी कागदी नमुना पुढे केला. आता त्याने मान वर केली.

"वीज किती?"

मावशींनी वही उघडली.

दुरुस्तीवाल्याने चष्मा कपाळावर चढवला. "बाई, वीस वर्षांत गिऱ्हाइकाने मला शिंप्याचा नमुना दिला नव्हता." त्याने नमुना फिरवून पाहिला, आकडे पाहिले. "ती तीन पंख्यांची धेंडं विसरा. त्यांना वेगळी वीज लागते, तुमची डबी धापा टाकेल. आणि फट बुटकी आहे, म्हणजे कार्डही बुटकंच हवं." खण धुंडाळून त्याने दोन कार्डं काढली. दोन्ही तळहाताएवढी. "दोन्ही बसतील. दोन्ही टीव्हीला पुरेसं स्वच्छ चित्र देतील. याला पंखा आहे, हे जास्त ताकदीचं, आणि स्वस्तही. हे दुसरं बिनपंख्याचं, नुसता पत्रा तापतो आणि निवतो. मी असतो तर पंखेवालं घेतलं असतं."

मावशींनी दोन्ही उचलून पाहिली. पंख्याच्या पात्यांकडे बराच वेळ बघत बसल्या.

"हा पंखा हवा आत ओढतो?"

"ओढणारच."

"माझ्या खोलीत दिवसभर दोरे उडतात. काल पत्रा उघडला तर आत उशी भरण्याइतकी लव होती. हा पंखा महिन्याभरात गुदमरून बसेल."

दुरुस्तीवाला म्हणाला, "हे मला सुचलं नसतं."

"तुमच्या खोलीत दोरे उडत नाहीत. हे बिनपंख्याचं द्या."

त्याने सोबत एक छोटी पट्टी दिली, बुटक्या फटीत कार्ड अडकवायला, आणि बजावलं, "खाचेत बसताना टक् आवाज यायला हवा. घाबरू नका, पण घाईही करू नका."

रविवारी दुपारी काम सुरू झालं. मिरची मुद्दाम आली होती, आपली खुर्ची टीव्हीसमोर लावून, तिकीट काढून बसल्यासारखी. भावजी बॅटरी धरून उभे. मावशींनी कार्डाच्या मूळच्या उंच पट्टीचे दोन बारीक स्क्रू काढले, बुटकी पट्टी लावली, कार्ड खाचेवर टेकवलं आणि दाबलं. आवाज आला असं वाटलं. पत्रा लावला, वायर जोडली, बटण दाबलं.

टीव्ही काळा.

"चिन्हं दिसतच होती," भावजी म्हणाले.

"बॅटरी सरळ धरा, भावजी."

पुन्हा सगळं उघडलं. मावशींनी कार्ड बाहेर काढून खाचेत डोळा घातला. तळाशी लोकरीचा एक तंतू, राखाडी, खाचेइतकाच लांब. त्यांनी बारीक चिमट्याने तो अलगद उचलला, मऊ ब्रशने खाच झाडली आणि दोन्ही अंगठे कडेला ठेवून कार्ड पुन्हा दाबलं. टक्. या वेळी मिरचीलाही ऐकू आलं.

टीव्ही उजळला. कॅमेऱ्याखालच्या करड्या कापडाचा प्रत्येक दोरा दोरीएवढा झाला होता. त्यावरची लवसुद्धा वेगळी मोजता आली असती. भावजींनी बॅटरी विझवली.

पण मावशींनी सुई घेतली आणि कपाळाला आठी पडली. हात पुढे जाई, टीव्हीवरचा हात मागून येई. फार नाही, अर्ध्या उचकीएवढा उशीर. शिकणारीला तेवढाही नको.

"कार्डाचा दोष," भावजी लगेच सावरले.

"रिमोट द्या इकडे," मिरची म्हणाली. तिने एकामागून एक पानं उलटली, रंग निळसर केले, पिवळे केले, एकदा आवाजच घालवला. मग एका ओळीवर थांबली. "मावशी, इथे 'गेम' म्हणून आहे, खाली लिहिलंय 'चित्राचा उशीर कमी'. लावू?"

"मी दुकानातल्या त्या पोरीला ठणकावून सांगून आलेय की मला गेम नको."

"लावू का नको?"

"लाव गं बाई."

तिने बटण दाबलं. टीव्हीवरचा हात आणि मावशींचा हात एकत्र चालू लागले. मावशींना हसू फुटलं ते आवरेना.

सोमवारी सगळा वर्ग जमला. कॅमेऱ्याखाली एका वकिलाचा कोट होता, तिरक्या विणीचा, कोपराला जळलेला. मावशी विणत होत्या, सहाजणी खुर्च्यांवर बसून टीव्ही बघत होत्या, आणि खोलीत कधी नव्हे ती शांतता होती. दोन दोऱ्यांवरून, एकाखालून. पुढच्या ओळीत एक दोरा सरकून पुन्हा तसंच. त्याने कापडावर तिरकी रेघ उठते.

"मावशी," मागून मिरचीचा आवाज आला, "रेघेची पायरी चुकलीय. चौथ्या ओळीत."

"नाही चुकली," मावशी न बघताच म्हणाल्या.

"चुकलीय. तीन दोऱ्यांवरून गेलात."

मावशींनी मान वर केली. टीव्हीवर त्यांचं काम भिंतभर पसरलं होतं, आणि चौथ्या ओळीत रेघ एका जागी ठेचकाळली होती. लहान मुलालाही दिसलं असतं. टेबलावरच्या कोटात मात्र त्यांना ती काही केल्या दिसेना. त्यांनी चष्मा पुसून पाहिलं, तरी नाही.

चेहऱ्यावर ऊन आल्यासारखं वाटलं त्यांना. डोळे अधू होत चाललेत, हे त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या, स्वतःशीही नाही. असे किती कोट गेले असतील? पाचजणी नजर चुकवून आपापल्या मांडीवरच्या चिंध्या चाळू लागल्या. मिरची तेवढी सरळ बघत होती.

"बरोबर आहे तुझं," मावशी म्हणाल्या. "सगळ्याजणी नीट बघा. उसवायचं कसं ते आज शिकवते."

त्यांनी चार ओळी उसवल्या. या वेळी कोटाकडे न बघता टीव्हीकडे बघत, एकेक दोरा मागे घेत. नजर समोर आणि हात खाली, हे जमेना. सुई दोनदा बोटात घुसली. तिसऱ्यांदा जमलं. चौथी ओळ पुन्हा विणली, मग पाचवी, सहावी. रेघ सरळ चढत गेली. जेवणाची वेळ टळून गेली, पण उठलं कोणीच नाही.

कोट संपल्यावर मावशी उठल्या आणि टेबलाच्या दोन पायांमधली आडवी फळी काढायला भावजींना हाक मारली. फळी निघाली. मिरचीची खुर्ची थेट टेबलाखाली गेली, कॅमेरा तिच्या बोटांवर आला. मावशींनी तिच्यापुढे एक चिंधी टाकली, मधोमध भोक पाडलेली, आणि स्वतः मागे जाऊन रिमोट मांडीवर घेऊन बसल्या.

"दोनावरून, एकाखालून," त्या म्हणाल्या. "चुकलीस की सांगते. कर सुरू."

मिरचीचा दोरा तुटला, ती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, जे मावशींनी ऐकलं नाही असं दाखवलं. तिने दुसरा दोरा ओवला.