अर्धं राहिलेलं आख्यान

त्या साली समुद्रापलीकडे लंकेत लढाई पेटली होती आणि इकडे चेन्नईत लोकांच्या जिभांवर पहारा बसला होता. लढाई आपली नव्हती, पण कायदा आपला होता. तिथल्या बंडखोरांच्या, म्हणजे बंदी घातलेल्या तमिळ वाघांच्या बाजूनं कुणी चार शब्द बोललं, की राजद्रोहाचं कलम लागायचं. तेवढ्यानं भागलं नाही, तर राष्ट्रीय सुरक्षा कायदा होताच. वर्षभर खटल्याशिवाय आत. सरकार म्हणे, हे देशाच्या सुरक्षेसाठी. असेल बापडं. वाघ राहिले जंगलात आणि पिंजऱ्यात गेली ती बोलणारी माणसं, एवढं मात्र कुणालाही दिसत होतं.

मानाजी राव हा या पहाऱ्यातला एक कान होता. पोलिसांच्या गुप्तवार्ता शाखेत हेड कॉन्स्टेबल. साध्या कपड्यांत सभेला जायचं, मागच्या रांगेत बसायचं, ऐकायचं, आणि वक्त्यानं कायद्याची रेघ ओलांडली की दाराशी उभ्या शिपायाला खूण करायची. पुढची रीत ठरलेली होती. वक्त्याला भाषण पुरं करू देत, हारतुरे घेऊ देत. तो मंचावरून उतरला, की जीपपाशी इन्स्पेक्टर अदबीनं म्हणे, "सार, जरा स्टेशनपर्यंत." भाषण मध्येच तोडलं तर लोक पेटतात, हे पोलिसांना ठाऊक होतं. मानाजीचा त्या रीतीवर देवावर नसेल इतका भरवसा होता.

रामनवमीच्या दिवसांत नव्यानं बदलून आलेल्या इन्स्पेक्टर कदिरवेलनं त्याला बोलावलं.

"तू मराठी ना? तिरुवल्लिकेणीच्या देवळात एक म्हातारा हरिकथा सांगतो. रामाची गोष्ट सांगता सांगता लंकेसाठी रडतो म्हणे. तक्रार आलीय. अर्धं तमिळमध्ये बोलतो, अर्धं तुमच्या भाषेत. इथं दुसऱ्या कुणाला ती येत नाही. तू जा."

म्हातारा कोण ते विचारायची गरजच नव्हती. राघोत्तम भागवतर, तंजावूरहून आलेल्या मराठी घराण्यातले, शहरात मराठी पदं म्हणून हरिकथा करणारे बहुधा शेवटचे. मानाजीचं बालपण त्यांच्या शेजारच्या गल्लीतलं; तो त्यांना अण्णा म्हणे. पोलिसात भरती होईपर्यंत तो त्यांच्या मागे उभा राहून टाळ वाजवी आणि पदाची ओळ उचलून धरी. हे सगळं त्याला तिथल्या तिथं सांगता आलं असतं. "सार, माझ्या ओळखीतले आहेत, दुसरं कुणी पाठवा." नाही सांगितलं. नोकरी माणसाला कुठंकुठं गप्प बसायला शिकवते, त्याची यादी करू नये.

संध्याकाळी तो पोहोचला, तेव्हा देवळाच्या माडीवरच्या दालनात पानक वाटणं चाललं होतं. गुळाच्या पाण्यात सुंठ नि वेलदोडा. तो वासच त्याला तीस वर्षं मागे घेऊन गेला. भागवतरांची मुलगी त्रिपुरसुंदरी टाळ घेऊन बापाच्या मागे बसली होती. चाळिशी उलटलेली, बँकेतली नोकरी सांभाळून बापाला साथ करणारी. तिनं त्याला बघितलं आणि तिचा चेहरा फुलला.

"मानू, ये पा, पुढें ये," ती म्हणाली. "मागें धराला कोणी नाहीं आज."

मानाजीनं घसा बसल्याची खूण केली आणि खांबाला टेकून मागेच बसला. दाराशी शिपाई होता. कोपऱ्यावर गाडी होती. ती गाडी म्हणजे नेहमीचीच तयारी, असं त्यानं मनाला बजावलं.

आख्यान सुलोचनेचं निघालं. ते नाव ऐकताच तो सावरून बसला, कारण या आख्यानाची एक वेगळी शिस्त होती. इंद्रजित रणात पडतो, त्याचा तुटलेला हात येऊन बायकोच्या अंगणात पडतो, आणि ती शत्रूच्या छावणीत जाऊन रामाकडे नवऱ्याचं शिर मागते. भागवतरांच्या घराण्यात मानत, की हे आख्यान सुरू झालं म्हणजे सभेत एक मढं येऊन पडलं. शिर तिच्या ओटीत पडून, त्याला अग्नी मिळून, शेवटचं मंगल गाईपर्यंत ऐकणाऱ्यानं उठायचं नाही आणि सांगणाऱ्यानं पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. मढं मध्येच टाकून उठेल त्याच्या घरी दुसरं मढं येतं, असं म्हणत. लहानपणी मानाजी एकदा मुतायला उठला होता, तेव्हा भागवतरांनी त्याला तिथंच कानाला धरून बसवलं होतं.

म्हातारा रंगात आला. सत्तरी उलटलेली, पण आवाज खणखणीत. अंगणात हात पडला तेव्हा पुढच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सुलोचना छावणीच्या दाराशी आली. "शिर द्या मज, रघुराया," हे पद भागवतरांनी तीन वेळा घोळवलं आणि मग गाणं थांबवून ते तमिळमध्ये बोलू लागले, अगदी साध्या आवाजात.

"तिला मागायला एक राम तरी होता. आज त्याच लंकेत आया कुणाकडे मागणार? वरून बॉम्ब पडतात. हात सापडला तर शिर सापडत नाही. आणि आपलं सरकार बॉम्ब टाकणाऱ्याच्या पाठीवर हात ठेवून उभं आहे. याला युद्ध म्हणत नाहीत, याला खाटीकखाना म्हणतात. पकडायचं तर पकडा मला. रामनवमी करतो आपण, लाज वाटली पाहिजे."

सभेत कुणी हललं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला असलं हे बोलणं नव्हतं. म्हातारा ते तोलून मापून, नाव-गाव घेऊन बोलला होता. रेघ ओलांडली होती. मानाजीच्या मनात आलं, खूण नाही केली तर उद्या दुसरा कुणी सांगेलच. आणि नाहीतरी मंगल होईपर्यंत कुणी हात लावणार नाही. तोवर आपण पुढे होऊ, अण्णांचा हात धरून सावकाश जिन्यावरून उतरवू, इन्स्पेक्टरला दोन शब्द सांगू. असा सगळा हिशेब करून त्यानं दाराकडे बघितलं आणि मान हलवली.

कदिरवेलला मंगल बिंगल ठाऊक नव्हतं. तो बाहेरच होता. मान हलल्यावर भागवतरांनी पुढची ओळ उचलली न उचलली, तोच बूट दालनात शिरले.

पहिली लाठी मृदंगावर पडली आणि कातडं फाटलं. दुसरी वाजवणाऱ्याच्या खांद्यावर. बायका किंचाळत भिंतीकडे सरकल्या, पानकाचं पातेलं उलटलं, आणि गुळाच्या पाण्यात लोक घसरून एकमेकांवर पडू लागले. पडलेल्यांच्या पाठीवर लाठ्या चालूच. एका पोराची भुवई फुटून रक्त थेट नाकावरून ओघळलं. त्रिपुरसुंदरीनं बापासमोर आडवा हात धरला, तर तिला वेणीला धरून बाजूला फेकलं. ती खांबावर आदळली.

"थांबा पा," भागवतर म्हणत होते. "शिर देऊं द्या तिला. एवढें झालें कीं मीं आपण येतों."

ते खाली वाकून टाळ उचलायला गेले. कुणाचा तरी बूट त्यांच्या मनगटावर पडला आणि हाड मोडल्याचा आवाज मानाजीला खांबापर्यंत ऐकू आला.

"सार, मंगल होऊ द्या," तो पुढे होऊन म्हणाला. "थोडंच राहिलंय, सार."

कदिरवेलचं कोपर त्याच्या छातीत बसलं. त्यानंतर मानाजी जागच्या जागी उभा राहिला, दोन्ही हात बाजूला सोडून. म्हाताऱ्याला पायांना धरून जिन्यावरून ओढत नेलं, डोकं प्रत्येक पायरीवर आपटत होतं, आणि तरी तो तुटक तुटक पद म्हणतच होता. मानाजीला स्वतःची इतकी किळस त्याआधी कधी आली नव्हती.

बापामागे जाताना त्रिपुरसुंदरीनं त्याच्याकडे बघितलं. तिनं ती मान हललेली पाहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्टेशनात गेला, तर ती बाहेर फुटपाथवर बसलेली. कपाळाला पट्टी, मांडीवर पाण्याची बाटली.

"शिव्या घालायला मला वेळ नाहीं," ती म्हणाली. "दारावरचा शिपाई सांगतो, ते पाणी घेत नाहींत. काल आख्यान काढल्यापासून थेंब नाहीं. साखरेचा आजार आहे त्यांना, असें किती वेळ चालेल? मढं मधें पडलेंय म्हणतात. आणि तोंड फोडलेंत तुमच्या लोकांनीं, पुढें म्हणवत नाहीं त्यांना. मला आंत सोडत नाहींत. तूं मागें धरत होतास. तूंच पुरें कर."

"इथं? स्टेशनात?"

"मढं तिथेंच आहे," ती म्हणाली.

तोंड दाबून बुक्क्यांचा मार ही म्हण आपण बसल्याजागी सहज वापरतो. मानाजीनं ती त्या सकाळी डोळ्यांनी बघितली. कोठडीत एकानं म्हाताऱ्याच्या तोंडावर ओला पंचा दाबून धरला होता आणि दुसरा बरगड्यांत गुद्दे घालत होता. पैसे कुणी दिले, एवढंच विचारत होता. पंचा काढला, की म्हातारा दोन दातांसकट रक्त थुंकायचा आणि काही बोलायचा नाही. मोडलेला हात सुजून कोहळ्यासारखा झाला होता. तोंडाशी धरलेलं भांडं तो प्रत्येक वेळी मान फिरवून नाकारत होता.

कदिरवेलनं मानाजीला कोठडीसमोरच उभं केलं.

"तमिळमध्ये जे बोलला त्यावर राजद्रोह लागतो, पण जामीन मिळेल," तो म्हणाला. "मला वर्षभर आत पाहिजे. मराठीतल्या गाण्यात त्यानं हत्यार उचला म्हणून सांगितलं, असा जबाब तू द्यायचा. ती भाषा तुझ्याशिवाय कुणाला कळते? कोर्ट तुझंच ऐकेल."

"तसं नव्हतं सार, गाण्यात."

"मग काय होतं? सांग बघू."

मानाजीनं कोठडीकडे बघितलं. म्हातारा भिंतीला टेकून, एकच डोळा उघडा ठेवून त्याच्याकडे बघत होता. वर्ष काय, हा माणूस पाण्यावाचून उद्याही दिसायचा नाही. मानाजीनं पायांतले बूट काढून बाजूला ठेवले, जसे हरिकथेला उभं राहताना काढतात, आणि जिथं काल तुटलं होतं तिथून पद उचललं.

"शिर द्या मज, रघुराया."

आवाज पहिल्यांदा फाटला. शिपाई हसले. कदिरवेललाही क्षणभर कळेना काय चाललंय. मग त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"गातोस काय? बंद कर."

लाठी मांडीवर बसली. मानाजी वाकला, पण ओळ सोडली नाही. रामानं आसनावरून उठून सुलोचनेला आई म्हणून हाक मारली, तेव्हा दुसरी लाठी पाठीत बसली. शिर आणायला माणूस गेला, तेव्हा कुणीतरी पट्टा काढला. बक्कल कानशिलात लागलं आणि डाव्या कानात नुसती शिट्टी वाजू लागली. तो गुडघ्यांवर आला. आपलाच आवाज त्याला एकाच कानानं ऐकू येत होता, आणि त्याच कानाला आणखी एक आवाज येत होता: म्हातारा चांगल्या हातानं गजावर ताल धरत होता. ठोका चुकत नव्हता. त्या ठोक्याला धरून मानाजी पुढं गेला. शिर ओटीत पडलं. दोन्ही सैन्यांनी माना खाली घातल्या. चंदनाची चिता रचली. तोंडात रक्त भरलं तेव्हा ते गिळून त्यानं मंगल म्हटलं, शेवटपर्यंत.

कदिरवेलला धाप लागली होती.

"आता तमिळमध्ये सांग," तो म्हणाला. "शेवटी काय होतं?"

खोटं सुचलं असतं तर मानाजीनं सांगितलंही असतं. पण या आख्यानाचा शेवट एकच आहे.

"राम दोन्ही सैन्यांना सांगतो, आज लढाई बंद," तो म्हणाला. "लंकेतल्या मेलेल्यांना अग्नी मिळेपर्यंत कुणी शस्त्र उचलायचं नाही."

कदिरवेल हसला. टेबलाशी बसलेल्या शिपायाकडे वळून म्हणाला, "लिही. लंकेतली लढाई बंद करा, असं हा स्टेशनात, सगळ्यांसमोर, ओरडून म्हणाला. म्हाताऱ्याचं नाव आहेच, त्याखाली याचं घाल. दोघांनाही तोच वर्षाचा कायदा."

मानाजीचा पट्टा आणि ओळखपत्र काढून घेतलं आणि त्याला गजाआड ढकलून दिलं. तो फरशीवर पडला, तसा सरपटतच म्हाताऱ्यापाशी गेला. बाहेरून त्रिपुरसुंदरीची बाटली एका शिपायानं मुकाट्यानं गजांतून आत सरकवली. काल दाराशी उभा होता, तोच हा शिपाई.

"अण्णा, झालं मंगल," मानाजी म्हणाला. "आता घ्या."

त्यानं बाटली वर धरून, ओठांना न लावता, धार सोडली. फुटलेल्या तोंडातून अर्धं पाणी लाल होऊन सदऱ्यावर सांडलं, पण उरलेलं म्हातारा गिळत राहिला, घोटामागून घोट, बाटली रिकामी होईपर्यंत. मग त्यानं डोळे मिटले आणि बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला.

"मानू," शेवटी तो म्हणाला. शब्द सुजलेल्या जिभेवरून कसेबसे येत होते.

"काय अण्णा?"

"चिता रचतांना घाई केलास. तेवढें पद उद्यां परत म्हण."