पाच तेवीसच्या गाडीतला एकटा प्रवासी

हॅलो, मी बोलतोय. कानाला लावू नका, कुणाचा फोन आलेला नाही, फोनच बोलतोय. कोपऱ्यात काच तडकलेला, पोटाला रबर बांधलेला, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात पडून असलेला. दुसऱ्यांचे निरोप पोचवण्यात जन्म गेला, आज माझा स्वतःचा निरोप ऐकून घ्या.

जन्माचं फारसं आठवत नाही. पुष्कळ उजेड आणि पांढरे हातमोजे घातलेली बोटं, एवढंच कधीतरी दिसतं, तेही चार्जिंगला लावल्यावर डुलकी लागली तर. स्पष्ट आठवतो तो मुलीचा निरोपाचा दिवस. नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जाताना तिने मला आईच्या हातात ठेवलं. पहाटे बसमध्ये चढलीस की दोन शब्द बोलून पाठव, म्हणजे माझा जीव भांड्यात पडेल, असं ती म्हणाली.

ही आई टेकडीवरच्या हॉस्पिटलच्या धुलाईघरात इस्त्री करते. सगळं हॉस्पिटल तिला मावशी म्हणतं, म्हणून मीही. धुलाईघरात एकूण अकरा जणी. तिथे वाफ इतकी की माझे कितीतरी भाऊबंद महिनाभरात कामी आले. शेवटी बायकांनी फोन आणणंच सोडलं. दाराबाहेरच्या फळीवर डबा, डब्यात मी, आणि अकरा घरांना माझा एकच नंबर. कुणाच्या नातवाला ताप आला, कुणाचा नवरा किल्ली विसरला, कुणाच्या सासूला साखर सापडेना, सगळे मलाच हाका मारायचे. मला त्याचा फार तोरा होता, खोटं कशाला सांगू?

आमची बस पहाटे पाच वीसची. रस्त्यावरचे दिवे जागे आणि माणसं अर्धवट झोपेत, अशा वेळी ती थांब्यावर उभी असायची. आतला पिवळा उजेड काचेवरून बाहेर सांडलेला असायचा. मला अजूनही कळत नाही, त्यातलं किती खरं होतं आणि किती मी स्वप्नात पाहिलं. बायका हॉस्पिटलचा पास दाखवून आपापल्या जागी बसायच्या आणि ड्रायव्हरभाऊ आरशात बघून मोजायचे.

दहा व्हायच्या आणि मोजणी अडायची. अकरावी थोरली. ती आणि धाकटी सख्ख्या जावा, राहायला एकाच घरात, पण भांड्यावरून झालेल्या भांडणानंतर धाकटी तिच्याशी चकार शब्द बोलत नव्हती. ती झपाझप पुढे निघून यायची. थोरली गुडघा सांभाळत मागून. तरी धाकटी सीटवर बसायची नाही. दारात उभी राहून हात बाहेर काढायची आणि थोरलीला वर ओढून घ्यायची. तोवर गाडी हलत नसे. असं थांबणं नियमात बसत नव्हतं. सगळ्यांना ठाऊक होतं, कुणी बोलत नव्हतं.

एवढ्यात मावशीचा निरोप सुरू झालेला असे. दोन शब्दांपुरतं बटण दाबायचं, पण इस्त्री धरून तिचा अंगठा असा निबर झालेला की दाबलाय की सोडलाय हे तिलाच कळायचं नाही. दोन शब्दांच्या मागून पाच मिनिटांची बस मुलीकडे जायची. मुलीने कधी तक्रार केली नाही. ते ऐकूनच माझी सकाळ होते, म्हणायची.

मुलीने माझ्यात बसचं ॲपही घालून दिलं होतं. त्यामुळे रोज पहाटे वरून, ढगांच्याही वरून, कुणीतरी हळूच विचारायचं, आहेस का गाडीत? मी म्हणायचो, आहे. मला वाटायचं, ही आपुलकी आहे.

मग एके दिवशी थांब्यावर कागद लागला. प्रवासी नसल्यामुळे पहाटेची फेरी बंद करण्याचा विचार आहे, हरकती असल्यास सुनावणीला या. पुढची बस सातची आणि पाळी सहाची. टेकडी पायी चढायची तर तास लागतो. थोरली त्या दिवशी चादरीची घडी घालता घालता थांबली आणि म्हणाली, "माझं काम संपलं म्हणायचं."

मुलगी फोनवर म्हणाली, तुझ्या निरोपांत सगळ्या जणी आहेत की, तेच ऐकव. मावशीने नको म्हटलं. त्यात गाडी थांबवून ठेवणारे ड्रायव्हरभाऊही होते.

सुनावणी सकाळी अकराला. धुलाईघर बंद ठेवता येईना, म्हणून मावशी एकटीच गेली, मला पदरात गुंडाळून. तिथे जो तो आपलीच टिमकी वाजवत होता. एकाला बसऐवजी रेल्वे हवी, एकाला सायकलींसाठी रस्ता, एका दुकानदाराला थांब्याच्या जागी गाड्या लावायला जागा. मग अधिकारीबाईंनी भिंतीवर आलेख दाखवला. पहाटेची फेरी, सरासरी प्रवासी एक. ॲपवर दिसणाऱ्या फोनांवरून मोजलेले.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो एक मी होतो. मी खरं तेच सांगत आलो होतो, आणि माझ्या खरेपणाने दहा जणी पुसल्या गेल्या होत्या.

मावशी उठली आणि म्हणाली की आम्ही अकरा आहोत. अधिकारीबाईंनी सौम्यपणे पुरावा मागितला. हातच्या कांकणाला आरसा कशाला, एकदा पहाटे येऊन बघा, मावशी म्हणाली. बाई म्हणाल्या की निर्णय आजच द्यायचा आहे. मावशीची मूठ माझ्याभोवती घट्ट झाली.

तेवढ्यात मागच्या रांगेतून साध्या कपड्यांतले ड्रायव्हरभाऊ उठले. "लावा तो निरोप, मावशी. माझं काय व्हायचं ते होईल."

आणि त्या मोठ्या खोलीत आमची पहाट सुरू झाली. बसले गं, काळजी करू नकोस. पिशव्यांची सळसळ, कुणाची जांभई, कुणाचं हसू. नऊ, दहा, थोरल्या राहिल्या. आल्या, वळणावर दिसतायत. मग धाकटीचा आवाज, अगदी हळू, "हात द्या." दिवसभरात ती थोरलीशी बोलायची ते एवढंच. मग भाऊ, "अकरा. चला."

बाईंनी पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग चष्मा काढून भाऊंना विचारलं, "त्यांना चढायला किती वेळ लागतो?"

"तीन मिनिटं," भाऊ म्हणाले. "थंडीत चार."

बाईंनी काहीतरी लिहून घेतलं. महिनाभराने थांब्यावर नवं वेळापत्रक लागलं. पहिली बस, पाच तेवीस.

त्याला आता बरीच वर्षं झाली. माझी बॅटरी फुगली आहे, रबर आहे म्हणून मी एकत्र आहे. मुलीने नवा फोन पाठवला, तो वाफेने खराब होईल म्हणून मावशीने कपाटात जपून ठेवलाय. ते ॲप माझ्यासारख्या म्हाताऱ्यावर चालत नाही. वरून आता कुणी काही विचारत नाही, मला त्याची चुटपुट लागते.

परवा भाऊ हसत सांगत होते, वरच्या हिशेबात आपल्या गाडीत हल्ली कुणीच नसतं. मला हसू आलं नाही. त्या बाई निवृत्त झाल्या, उद्या दुसरं कुणी आलेख काढेल. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, मला विचारू नका, पहाटे थांब्यावर या. आणि पाच वीसला आलात तर तीन मिनिटं थांबा. थोरली वळणावर असते.