वीस ग्रॅमच्या वजनाला लागलेले कुंकू

८ जानेवारी १९८०, मंगळवार. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी वीस ग्रॅमच्या पितळी वजनाच्या मानेखालून एक लाल कण निघाला आणि चिमट्याच्या टोकाला चिकटला.

मित्रांनो, त्या कणाने काय केले हे सांगण्याआधी माझी ओळख देतो. मी नागपूरच्या एका संशोधन संस्थेतला जुना तराजू आहे. किराणा दुकानातल्या तराजूशी माझे नाते दूरचे. मी काचेच्या पेटीत राहतो, कारण वाऱ्याची झुळूकही मला चालत नाही. माझी दांडी अकीक दगडाच्या धारेवर टेकलेली आहे. बोटभर लांबीचा एक केस पारड्यात टाकला तरी माझा काटा सरकतो.

१९६२ साली कलकत्त्याच्या एका कारखान्यात मला जोडले. पुढच्या मे महिन्यात लाकडाच्या भुशात बसून मी मालगाडीने नागपूरला आलो. संस्थेत माझ्यासाठी खास दगडी ओटा बांधला होता. तो भिंतीला टेकलेला नव्हता, कारण रस्त्यावरून ट्रक गेला की भिंत हलते आणि भिंतीबरोबर मीही हललो असतो.

पहिली बारा वर्षे मी विटा तोलल्या. घरांच्या नव्हे, पोलाद वितळवणाऱ्या भट्टीच्या आतून लावतात त्या. विटेचा तुकडा आधी कोरडा तोलायचा, मग पाण्यात उकळून तोलायचा. जेवढे वजन वाढले तेवढी वीट आतून पोकळ. १९६८ साली दिल्लीहून एक पाहुणे आले. त्यांच्याकडून एका कोऱ्या कागदावर सही घेतली. कागद सहीआधी आणि सहीनंतर तोलला. सहीचे वजन निघाले मिलिग्रॅमच्या सहा दशांश. पाहुणे फार हसले. वर्तमानपत्रात माझा फोटो आला. कौतुकाचे म्हणाल तर तेवढेच.

माझी देखभाल देवराव करीत. ते संस्थेत शिपाई होते, मूळचे खाप्याचे. घरची थोडी शेती भाऊ पाहत असे. रोज सकाळी ते मऊ कुंचल्याने माझी पारडी झाडत. पेटीत ओल शोषणारे निळे खडे असत. ते गुलाबी झाले की भाजून पुन्हा निळे करून ठेवीत. खंडेनवमीला संस्थेत यंत्रांची पूजा होई. विभागाचे प्रमुख मनोहरराव यांनी पहिल्याच वर्षी सांगून ठेवले होते, ‘बाकी काय करायचं ते करा, तराजूला हात लावायचा नाही.’ देवराव माझ्या पेटीबाहेर ओट्यावर एक झेंडू ठेवीत आणि वजनांच्या लाकडी डब्याच्या झाकणाला कुंकू लावीत. चौदा वर्षे असेच चालले.

१९७५ नंतर माझे काम बदलले. विटा तोलणे कमी झाले आणि विटा बनवताना उडणारी धूळ तोलणे सुरू झाले. खाप्याच्या पुढे भट्टीविटांचा एक कारखाना होता. तिथे गारगोटी दळत. पंपाने तिथली हवा ओढायची, बोटाएवढ्या कागदी गाळणीतून सोडायची. गाळणी काचेच्या कुपीत ठेवून आधी तोलायची, धूळ बसल्यावर पुन्हा तोलायची. दोन वजनांतला फरक म्हणजे धूळ. कुपीसह गाळणीचे वजन बावीस ग्रॅमच्या आसपास असे, म्हणून दर वेळी माझ्या उजव्या पारड्यात वीस ग्रॅमचे वजन येई.

१९७७ च्या सप्टेंबरमध्ये धंतोलीच्या डॉक्टर इंदुताई एका बाईला घेऊन आल्या. इंदुताई मला ठाऊक होत्या. रक्त तपासायच्या द्रावणासाठी लागणाऱ्या भुकट्या त्या दर गुरुवारी माझ्याकडून तोलून नेत. सोबतची बाई मी पहिल्यांदा पाहिली. तिचे नाव रुखमाबाई, देवरावांच्याच खाप्याची. वय चाळीसच्या आत, कारखान्यात गारगोटीच्या चक्कीवर अकरा वर्षे. इंदुताई आणि मनोहरराव कागद पाहत होते, तेवढ्यात तिने माझ्याकडे बोट केले.

‘हा काटा काहून काचंत कोंडला गा, देवरावभाऊ? याले थंडी वाजते का?’

‘थंडी नाही वं, वारा लागते. तू जोरानं बोलली तरी हालते तो.’

‘मंग माह्या घरच्या मानसासारखाच आहे,’ ती म्हणाली.

देवराव हसले. मग तिने हात पुढे केले आणि ते थांबले. बोटांची टोके पांढरी पडली होती. कातडी ताणून बसवल्यासारखी चकचकीत होती. तिला मूठ मिटता येत नव्हती.

इंदुताई मनोहररावांना सांगत होत्या, ‘शरीराची राखण करणारी जी फौज असते ना, ती हिच्या स्वतःच्याच शरीरावर उठली आहे. कातडी कडक होत वर चढते. आज बोटं. उद्या कोपर, मग फुप्फुस. गारगोटी दळणाऱ्यांत हा आजार जास्त दिसतो, असं बाहेरचे काही डॉक्टर लिहितात. मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण मला तिथल्या धुळीचा आकडा द्या.’

आकड्यावर काय अवलंबून होते, ते मनोहररावांनी रुखमाबाईंनाच समजावले. कारखान्याशी एक रेघ ठरली होती: एका गाळणीमागे चार मिलिग्रॅम. धूळ त्याच्या वर निघाली तर चक्कीवर पत्र्याचा छत्रा बसेल. तो धूळ वर ओढून पाण्याच्या फवाऱ्यात बुडवील. छत्रा बसेपर्यंत चक्कीवरच्या बायकांना दुसरे काम मिळेल. चारच्या खाली निघाली तर काहीच बदलणार नाही.

‘म्हणजे हा काटा सांगन तसं?’ रुखमाबाईंनी विचारले.

‘हो,’ मनोहरराव म्हणाले.

दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात सहा कोऱ्या कुप्या तोलल्या गेल्या. पाच धुळीसाठी होत्या. सहावी फक्त कारखान्यात नेऊन तशीच परत आणायची होती, पडताळ्यासाठी. मग खंडेनवमी आली. त्या दिवशी देवरावांनी पहिल्यांदाच डबा उघडला. रुखमाबाईंच्या कुप्या ज्या वजनाने तोलायच्या होत्या, ते वीस ग्रॅमचे वजन त्यांनी बाहेर काढले आणि ओल्या कुंकवाचा टिळा लावला. ते काही पुटपुटले. ते मी ऐकले, पण ते माझ्यासाठी नव्हते. दसऱ्यानंतर त्यांनी ते वजन फडक्याने नीट पुसले. वरून ते लखलखीत दिसत होते. मानेखालच्या खाचेत, जिथे चिमटा धरतो, तिथे कुंकू वाळून बसले होते.

सहाही कुप्या परत आल्या. त्या मी तोलल्या. मित्रांनो, मला वजन कळत नाही, मला दोन बाजूंतला फरक कळतो. उजव्या बाजूला कुंकू होते. तेवढी डावी बाजू हलकी ठरली. रुखमाबाईंच्या चक्कीची धूळ निघाली २.१ मिलिग्रॅम. बाकी चारही कुप्या तीनच्या आत.

सहावी कुपी मात्र नेली तेव्हापेक्षा ४.१ मिलिग्रॅम हलकी भरली. जिच्यात काही गेले नाही आणि जिच्यातून काही आले नाही, ती हलकी कशी होईल? मनोहररावांनी ती दोनदा तोलून पाहिली. ऑक्टोबरात हवा कोरडी होते, कागद सुकला असेल, असे ते म्हणाले. शनिवारी अहवाल द्यायचा होता. त्यांनी वहीत सहाव्या कुपीवर आडवी रेघ मारली आणि पुढे लिहिले: ‘बाद.’

अहवाल गेला. छत्रा बसला नाही. रुखमाबाई चक्कीवरच राहिल्या.

वजनांचा डबा दर वर्षी तपासणीला पाठवायचा नियम होता. कामाच्या गर्दीत दोन वर्षे तो गेला नाही. शेवटी प्रेमलताबाईंनी तो हातात घेतला. त्या नव्याने लागलेल्या शास्त्रज्ञ होत्या, आणि त्यांना कोणी सांगितले नव्हते तरी त्यांनी जुन्या वह्या वाचल्या होत्या. ८ जानेवारीच्या सकाळी त्यांनी वीस ग्रॅमचे वजन एका बाजूला आणि दहा, पाच, दोन, दोन, एक अशी वजने दुसऱ्या बाजूला ठेवली. वीसचे वजन ४.२ मिलिग्रॅमने जड भरले. त्यांनी ते उचलून उलटसुलट पाहिले, चिमट्याच्या टोकाने खाच कोरली.

‘देवराव, हे काय आहे?’

देवराव जवळ आले. ‘कुंकू दिसते, ताई.’

‘तराजूच्या खोलीत कुंकू?’

‘खंडेनवमीचं असन. पुसलं होतं ना मी.’

‘तुम्हाला साहेबांनी हात लावू नका म्हणून सांगितलं होतं ना?’

‘तराजूले नाही लावलं, ताई. वजनाले लावलं.’

प्रेमलताबाईंनी विचारले, कोणत्या वर्षी. देवरावांनी सांगितले. त्या कपाटाकडे गेल्या, १९७७ ची वही काढली आणि बाद केलेल्या सहाव्या कुपीवर बोट ठेवले. ४.१ आणि ४.२. फरक एका दशांशाचा. बाकीच्या पाच ओळींत त्यांनी पेन्सिलीने ४.२ मिळवले. रुखमाबाईंच्या चक्कीपुढे ६.३ झाले.

मनोहरराव अकरा वाजता आले. त्यांनी वही पाहिली, मग वजन पाहिले.

‘सव्वादोन वर्षांपूर्वीचा अहवाल आहे हा,’ ते म्हणाले. ‘काय लिहू मी? कुंकवानं चुकला म्हणून लिहू? सगळ्या देशात हसं होईल, बाई.’

‘कुंकू लिहायचं नसेल तर बाहेरचा पदार्थ लिहा, सर,’ प्रेमलताबाई म्हणाल्या. ‘पण सहावी कुपी खरं बोलत होती आणि आपण ती बाद केली, हे लिहावंच लागेल.’

‘आपण नाही. तेव्हा तुम्ही कॉलेजात होता.’

‘मंग माह्या नावानं लिहा, साहेब,’ देवराव म्हणाले. ‘शिपायानं घोळ केला म्हणा. माहं काय जाते?’ मग ते म्हणाले, ‘तिच्यासाठीच लावलं होतं जी मी.’

काचेआड माझा काटा शून्यावर स्थिर होता. मनोहररावांनी चष्मा पुसला.

‘टिळा तुमचा होता, देवराव. रेघ माझी आहे.’

दुरुस्तीचे पत्र १४ जानेवारीला गेले. त्यात कुंकू हा शब्द होता. कारखान्याचे उत्तर मार्चमध्ये आले: जुना अहवालच ग्राह्य आहे, मात्र नव्याने मोजणी करायला हरकत नाही. एप्रिलमध्ये धूळ ६.८ निघाली. बायकांना दुसरे काम देण्याविषयी कारखान्याने काही कळवले नाही. छत्रा तयार झाला, पण गारगोटीच्या कणांनी त्याच्या पंख्याची पाती चार महिन्यांत खाल्ली. कोणता धातू टिकतो ते पाहायला पात्यांचे तुकडे माझ्याकडे आले. दर आठवड्याला किती झिजले ते मी सांगत गेलो. अखेर कडक पोलादाची पाती बसली. २ फेब्रुवारी १९८१ ला छत्रा नीट चालू झाला. अहवालाच्या दिवसापासून तोपर्यंत तीन वर्षे तीन महिने रुखमाबाई त्याच चक्कीवर बसत होत्या.

त्यांच्या आजाराच्या नोंदी इंदुताई दर सहा महिन्यांनी आणून देत. त्या धुळीच्या आकड्यांशेजारी लावल्या जात. १९७७: बोटे. १९८०: मनगट. १९८१: कोपर. ऑगस्ट १९८२ मध्ये चक्कीची धूळ ०.९ निघाली आणि नोंदीत पुन्हा कोपरच लिहिले होते.

‘म्हणजे थांबलं?’ प्रेमलताबाईंनी विचारले.

‘एकदा चढलं नाही, एवढंच,’ इंदुताई म्हणाल्या. ‘छातीत थोडं वाजतं. धूळ कमी झाली म्हणून थांबलं, औषधानं थांबलं की दम घेतंय, मला सांगता येणार नाही. फेब्रुवारीत कळेल.’

मित्रांनो, आता मी काम करीत नाही. १९८४ च्या उन्हाळ्यात विजेवर चालणारा तराजू आला. तो आकडा लाल दिव्यांनी दाखवतो आणि त्याला वजनांचा डबा लागत नाही. मी जिन्याखालच्या कपाटात आहे. माझे खडे गुलाबी झाले आहेत. देवराव निवृत्त झाल्यापासून ते कोणी भाजलेले नाहीत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझे मागणे दुसरे आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या मोजमाप कराल. यंत्राची पूजा खुशाल करा, पण त्याची तपासणीही करा, ठरलेल्या दिवशी, काम कितीही असले तरी. आणि रिकामी कुपी तुम्हाला नको ते सांगू लागली, तर तिच्यावर रेघ मारण्याआधी तिचे ऐका. रेघ मारायला एक क्षण लागतो. ती पुसायला किती काळ लागतो, ते मी सांगितले आहे.

फेब्रुवारी १९८३ च्या तपासणीला रुखमाबाई आल्या नाहीत. देवराव रविवारी खाप्याला जाऊन आले. घराला कुलूप होते. शेजारच्या पार्वतीबाईंनी सांगितले, ‘ते लेकीकडं गेली, सौंसरले. कवा येते काही बोलली नाही.’ चालत गेली का, असे देवरावांनी विचारले. पार्वतीबाईंनी ते पाहिले नव्हते.

प्रेमलताबाईंनी सौंसरच्या पत्त्यावर दोन पत्रे पाठवली. पहिले ‘पत्ता अपुरा’ असा शेरा घेऊन परत आले. दुसरे, पूर्ण पत्त्याचे, २१ नोव्हेंबर १९८४ ला गेले. ते परत आलेले नाही. त्याचे उत्तरही आलेले नाही.