सतरा रकान्यांचा डोंगर

आमच्या घरात अक्कल कुणाला जास्त असा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात आणि मग पोट धरून हसतात. तरीही डोंगरातलं गाव निवडायचं काम माझ्याकडे आलं. आलं म्हणजे काय, मीच ओढून घेतलं. हौस दांडगी.

मी लिफ्ट दुरुस्त करतो. एकोणीस वर्षं झाली. दिवसभर कुठल्यातरी इमारतीच्या गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत तेलकट हातांनी उभा असतो, नाहीतर दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेल्या माणसाला दाराच्या फटीतून "घाबरू नका, आलोच" असं सांगत असतो. त्यामुळे कुठलीही उंची मला मजल्यांतच कळते. झाड दोन मजले, पाण्याची टाकी चार मजले, आमच्या साहेबांचा राग अकरा मजले.

डोंगरात जायचं कारण आमची लेक. आठ वर्षांची. जरा पळाली की छातीतून घूं घूं आवाज यायचा, म्हणून तिचं घरातलं नाव पडलं भुंगी. आमच्या घराखाली फर्निचरला रंग मारायचं दुकान, समोर मोठा रस्ता. सगळा वर्ग मैदानात पळत असताना ही पोर कडेला बसून बाकीच्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायची. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध वाढवत नेण्यापेक्षा हवा बदलता येते का बघा." बायको दवाखान्याच्या जिन्यातच रडली. मी रडलो नाही. मी घरी आलो आणि तक्ता आखला.

अकरा गावं, सतरा रकाने. शाळा किती जवळ, वर्गात मुलं किती, दवाखान्यात डॉक्टर खरंच असतो की नुसती पाटी असते, शेजारी भुंगीच्या वयाचं कुणी आहे का, रस्त्यावर धूळ किती. बायकोला तिथल्या शाळेत नोकरी मिळेल का, माझ्या कामासाठी लिफ्टवालं शहर किती लांब, हेही होतं. 'खिडकीतून काय दिसतं' हा रकाना मात्र माझ्या स्वतःच्या लाडाचा. मला दुर्बीण घ्यायची होती. प्रत्येक रकान्याला दहापैकी गुण. गावोगाव फोन करून मी लोकांना इतकं पिडलं, की एका मुख्याध्यापकांनी मला शाळा तपासणारा सरकारी माणूस समजून सगळी माहिती उभं राहून दिली. उभं राहून दिली हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, जरा रागाने.

बायको गणित शिकवते. तिने तक्ता लाल पेनने तपासला आणि बेरजेच्या दोन चुका काढल्या. रकाने काही तिने तपासले नाहीत.

आता सासूबाईंचं सांगायला हवं. सासरे गेल्यापासून, म्हणजे सात वर्षं, त्या आमच्याकडे असतात. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केलेली बाई. मी फोनवर बोलत असलो की पलीकडच्या खोलीतून खणखणीत आवाजात हुकूम येतो, "थोडक्यात बोला!" आमचं सख्य विळ्याभोपळ्याचं. मी बोललो की त्या कापणार. दोन वर्षांपासून त्यांचे गुडघे कुरकुरायला लागलेत, पण आमच्या इमारतीची लिफ्ट माझ्याच ताब्यात असल्यामुळे ती कधी बंद पडत नाही. रोज संध्याकाळी बाई पाचव्या मजल्यावरून खाली उतरणार, बागेतल्या बाकावर बसून साऱ्या जगाचा समाचार घेणार आणि ताज्यातवान्या होऊन वर येणार.

तक्ता करताना मी रीतसर त्यांनाही विचारलं होतं. "आई, तुम्हाला कसं गाव हवं?"

"माझं काय, मी कुठेही राहीन."

मला कोण आनंद झाला! सात वर्षांत पहिल्यांदा बाईंनी आडकाठी घातली नव्हती. आता, घरातली मोठी बाई "माझं काय" म्हणून वाक्य सुरू करते तेव्हा पुढे काय वाढून ठेवलेलं असतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला नाही कळलं. मी पुढच्या गावाला फोन लावला.

एकशे सत्तरपैकी एकशे एक्कावन्न गुण मिळवून एक गाव पहिलं आलं. एका रविवारी आम्ही चौघं बसने घर बघायला गेलो. घरमालक स्टॉपवर घ्यायला आले होते. उंच, शिडशिडीत माणूस, पूर्वी अग्निशमन दलात होता. त्यांनी बोट वर केलं. निळ्या दाराचं घर, डोंगराला चिकटून बसलेलं, आणि खालपासून थेट दारापर्यंत दगडी पायऱ्या.

"एकशे चौदा," ते अभिमानाने म्हणाले.

मी मनात भागाकार केला. "म्हणजे सहा मजले. हात्तिच्या!" सहा मजले म्हणजे माझ्या हिशेबी वीस सेकंद. तेही जुनं मशीन असलं तर.

घरमालकांनी सासूबाईंकडे बघितलं. "आजींना एकदा वर नेलं ना, की तुमची काळजी मिटली बघा. आमची आई नऊ वर्षांपूर्वी वर गेली, ती पुन्हा खाली आलीच नाही!"

"अरेरे," बायको म्हणाली. "कशाने गेल्या?"

"गेल्या कुठे? आहे की ठणठणीत! त्या पलीकडच्या घरात असते, वर. दिवसभर खिडकीत बसते."

मी इतका मोठ्याने हसलो की बसमधला ड्रायव्हर वळून बघायला लागला. बायकोलाही हसू आवरेना. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. मला वाटलं, बस लागली असेल.

भुंगी सुटली ती थेट वर. मागून मी, बायको, घरमालक. वरची हवा खरंच अशी होती की छाती भरून घेतली तरी आणखी घ्यावीशी वाटे. खिडकीतून सगळी दरी, खाली नदी. मी खिशातून तक्ता काढला आणि त्या रकान्यात नऊचे दहा केले. बायकोने भुंगीला जवळ ओढून तिच्या पाठीला कान लावला. बराच वेळ लावला. मग माझ्याकडे बघून मान हलवली. आवाज नव्हता. एकशे चौदा पायऱ्या पळत चढून आलेल्या पोरीच्या छातीत आवाज नव्हता. तिथल्या तिथे मी ते घर मनात आमचं करून टाकलं.

खोल्या बघून, नळ सोडून, कपाटं उघडून झाल्यावर बायको म्हणाली, "आई कुठेय?"

मी खाली उतरलो. सासूबाई तेविसाव्या पायरीवर बसल्या होत्या, पर्स मांडीवर घेऊन. एक हात गुडघ्यावर.

"थोडंच राहिलंय, आई," मी म्हणालो.

"एक्याण्णव राहिल्यात. खोटं तरी नीट बोलत जा, जावईबापू."

मी दोन पायऱ्या उतरून त्यांच्यासमोर आलो.

"पोर मध्ये कुठेही न थांबता वर गेली," त्या म्हणाल्या. "मी बघत होते. घर घेऊन टाका. मी काही येत नाही."

"येत नाही म्हणजे? आत्ता वर?"

"राहायलाच. एक्स्चेंजमधली माझी मैत्रीण आहे ना, तिच्याकडे एक खोली रिकामी आहे. महिना झाला तिला सांगून ठेवलंय."

माझं डोकंच फिरलं. "महिना? आणि आम्हाला पत्ता नाही? मी इथे सगळ्या कुटुंबासाठी गाव शोधत मरतोय, आणि तुम्ही परस्पर..."

"तक्ता वाचलाय मी," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, म्हणून मला जास्तच भीती वाटली. "भुंगीचे नऊ रकाने. हिच्या नोकरीबिकरीचे पाच. तुमचे दोन. आणि एक कचऱ्याच्या गाडीचा. म्हटलं, कचऱ्याची गाडी लक्षात ठेवणारा माणूस मला विसरणार नाही. तेव्हा मला मागे ठेवायचं ठरवलंच असेल त्यांनी. तोंडावर सांगायला संकोच वाटत असेल. मग मीच माझी सोय केली."

ठरवलं होतं म्हणावं तर मी नीच ठरतो. खरं सांगावं तर... पण खरं तेच होतं.

"विसरलो, आई."

"विसरलात?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. "हे मला सुचलंच नव्हतं."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो. ज्या माणसाचं पोट लोकांच्या दुखऱ्या गुडघ्यांवर चालतं, त्याने सासूसाठी एकशे चौदा पायऱ्यांचं घर शोधून काढलं होतं, आणि वर त्याच्या खिडकीला दहापैकी दहा दिले होते. लाजेने मला खाली बघवेना, आणि वर तर मुळीच नाही.

"त्या बाई नऊ वर्षं खिडकीत बसल्यात," सासूबाई म्हणाल्या. "मला खिडकी नको हो. मला चार माणसांत जायचंय, भांडायचंय आणि माझ्या पायांनी घरी यायचंय. पण पोरीचा श्वास अडकवून नाही. तेवढी मी स्वार्थी नाही."

तेवढ्यात बायको खाली आली. मी तिला सगळं सांगितलं. ती आईच्या पलीकडे बसली, तिचा हात हातात घेतला आणि रडत म्हणाली, "बेरीज बरोबर होती गं."

"बेरीज तुझी नेहमीच बरोबर असते," सासूबाई म्हणाल्या. "आता नाक पूस, घरमालक बघतोय."

घरी आल्यावर मी अठरावा रकाना आखला. 'आई एकट्या बाहेर जाऊन एकट्या परत येऊ शकतात का.' पहिली आठही गावं त्यात साफ आपटली. चढ, घसरण, पायऱ्या, जिने. डोंगर म्हटल्यावर दुसरं काय असणार! नवव्या नंबरचं गाव मात्र डोंगरावरच्या पठारावर होतं. हवा तीच, शाळा बरी, रस्ते सपाट. मी ते मागे टाकलं होतं, कारण भाड्याने मिळणाऱ्या एकुलत्या एका घराच्या खिडकीतून गोदामाचा पत्रा दिसत होता.

"माझ्यासाठी म्हणून नको," सासूबाई म्हणाल्या.

"तुमच्यासाठी कोण जातंय? मला भांडायला कुणीतरी नको का?"

मैत्रिणीला त्यांनी फोन करून खोली नको म्हणून कळवलं. थोडक्यात बोलल्या नाहीत. पाऊण तास बोलल्या.

तीन महिन्यांनी आम्ही तिथे राहायला गेलो. पत्रा आहे तिथेच आहे. मी दुर्बीण आणलीच, आणि तिच्यातून आता त्या पत्र्याचे खिळे अगदी सुरेख दिसतात. दरीची मला अजून आठवण येते, खोटं कशाला बोलू? भुंगी अधूनमधून थंडीत घूं घूं करते, पण खेळाच्या तासाला ती बाटल्या सांभाळत नाही. तिची बाटली दुसरं कुणीतरी सांभाळतं.

राहायला गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाई दोऱ्याचं रीळ आणायला म्हणून चारला बाहेर पडल्या. पाच वाजले, सहा वाजले, बाईंचा पत्ता नाही. फोन घरातच वाजत होता. बायको शाळेतून आली ती रडकुंडीला. मी चपला अडकवल्या आणि नवख्या गावात वेड्यासारखा धावत सुटलो. दुकानं बघितली, दवाखाना बघितला. शेवटी बस डेपोपाशी तो खणखणीत आवाज ऐकू आला. बाकावर एक कंडक्टर बाई आणि एक पेपरवाला यांना मधोमध कोंडून सासूबाई गावाच्या टेलिफोन व्यवस्थेची सालटी काढत होत्या. रीळ मांडीवर.

"आई!" मी धापा टाकत म्हणालो. "दोन तास झाले! आम्हाला वाटलं, तुम्ही हरवलात."

"मी कुठे हरवले?" त्या म्हणाल्या आणि गुडघ्यावर हात देऊन हळूच उठल्या. "तुम्हीच शोधायला उशिरा आलात."

"हो, आई," मी म्हणालो. "फारच उशीर झाला."