राजुरीत ऐकलेलं पोखरा

ठकूबाई औटीला तोंडावर खोटारडी म्हणणारा माणूस राजुरीत आजवर निघाला नव्हता. तो निघाला पुण्यात, आणि म्हणाला तेही मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये, साठ-सत्तर माणसांच्या देखत.

ठकूबाई छप्पन्न वर्षांची. घरी दोन एकर रान, तीन म्हशी, दोन गाई, नवरा सोपान आणि गोठ्याच्या भिंतीला ठोकलेला एक कारटेप. टेप त्यांच्या जुन्या पिकअपचा होता. गाडी भंगारात निघाली तेव्हा सोपान म्हणाला होता, टेपसकट देऊन टाकू. ठकूबाईनं पाना-पक्कड घेऊन तो आधी सोडवला, बॅटरीला जोडला आणि गोठ्यात लावला. धारा काढताना गाणी असली की हाताला शीण येत नाही, एवढंच तेव्हा मनात होतं.

चार वर्षांमागं मे महिन्यात, सकाळी अकराच्या सुमाराला ती वैरण टाकत होती. टेपवरचं पुण्याचं रेडिओ केंद्र एकाएकी बुडालं आणि त्याच आकड्यावर भलत्याच भाषेत कुणी बाई बोलायला लागली. पाच मिनिटं शेजारच्या खोलीतून बोलावी तशी स्वच्छ बोलली आणि विरून गेली.

"टेप बिघडलाय," सोपान म्हणाला.

"बिघडलेला टेप नवी भाषा बोलत न्हाई," ठकूबाई म्हणाली.

त्यांची मुलगी समृद्धी जुन्नरला कॉलेजात शिकवते. तिनं शोध घेतला तेव्हा कळलं की यात काही करणी-भुताटकी नाही. एफएमची लहर एरवी शंभरेक किलोमीटर जाते, पुढं वर निघून जाते. पण मे-जूनच्या दिवसांत कधीकधी वर आभाळात एक थर धरतो, लहर त्याच्यावर आपटते आणि हजार-दीड हजार किलोमीटरवर खाली उतरते. कधी, कुठं, किती वेळ, ते कुणाला सांगता येत नाही. आणि अशी लांबची केंद्रं टिपायचा नाद असलेली माणसं सगळीकडं आहेत, त्यांचा पुण्यात एक ग्रुपही आहे. समृद्धीनं आईला त्यात घातलं.

ठकूबाईला नाद लागला तो लागलाच. आळेफाट्याला खिडक्या करणाऱ्याकडून तिनं अल्युमिनियमच्या नळ्या मापानं कापून आणल्या, अँटेना बांधली आणि गोठ्याच्या पत्र्यावर उभी केली. खांब हातानं फिरवता येत होता. ज्या दिशेला तोंड, तिकडचं ऐकू यायचं. शाळेच्या वहीत तारीख, वेळ, आकडा आणि कानाला आलं ते लिहायचं, असा ग्रुपचा नेम होता. तिनं तो एक दिवस मोडला नाही. चार उन्हाळ्यांत सेहेचाळीस केंद्रं झाली. श्रीलंका झालं, मस्कत झालं, बंगालकडची दोन झाली.

गावात त्या अँटेनेला ठकूबाईचा टॉवर म्हणत. दूध घालायला गेली की डेअरीवर कुणीतरी विचारायचंच, "यातनं मिळतं काय गं तुला?"

"काय न्हाई."

"मग कशाला करतीस?"

"तुमी पारावर तासन् तास बसता, तितं काय वाटतात व्हय?"

विचारणारा हसून पुढं सरकायचा. दुसऱ्या दिवशी दुसरा विचारायचा.

यंदा मेच्या तिसऱ्या आठवड्यात सत्तेचाळिसावं केंद्र आलं. दुपारचे पावणेबारा झाले होते. हिंदीसारखी पण हिंदी नाही अशी भाषा, मधे गाणं, मग जाहिराती. ठकूबाईनं मोबाईल टेपसमोर धरून चार मिनिटं रेकॉर्ड केलं आणि चप्पलही न घालता शेजारच्या पोल्ट्रीवर गेली. तिथं दिलमाया नावाची नेपाळची बाई नवऱ्यासोबत कामाला होती. तिनं कोंबड्यांचं खाद्य खाली ठेवून मोबाईल कानाला लावला.

"ये तो पोखरा है," दिलमाया म्हणाली. "महेन्द्रपुल की मिठाई की दुकान बोल रहा है. मेरा मायका वहां से एक घंटा."

तिनं ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा ठकूबाईनंच लावून दिलं.

त्याच दुपारी तिनं ग्रुपवर रेकॉर्डिंग टाकलं आणि वर बोलून पाठवलं, "नेपाळ, पोखरा. आजवर आपल्या ग्रुपात कुणाला नेपाळ लागलेलं न्हाई. मला लागलं."

ग्रुप चालवणारा सुदर्शन म्हणून एक साठीचा, निवृत्त इंजिनिअर. ग्रुपची वर्षाची यादी तोच करायचा आणि त्याचा शब्द शेवटचा असायचा. तासाभरानं त्यानं लिहिलं, 'ताई, नेपाळी रेडिओ आता इंटरनेटवर कुणालाही लावता येतो. एका मोबाईलवर लावून दुसऱ्यानं रेकॉर्ड केलं तरी असंच येतं. साध्या कारटेपवर नेपाळ, तेही गोठ्यातून, हे पटण्यासारखं नाही. नोंद काढून टाकत आहे. कृपया ग्रुपचा वेळ घेऊ नये.' त्याखाली अकरा जणांनी पसंतीचे अंगठे उमटवले.

ठकूबाईनं ते दोनदा वाचलं. मग मोबाईल गव्हाणीवर ठेवून तिनं शेणाची पाटी उचलली. उकिरड्यावर जाऊन आली, हात धुतले, पुन्हा वाचलं.

"सोड ना," सोपान म्हणाला. "कुठला कोण माणूस. यादीत नाव न्हाई आलं तर म्हस दूध द्यायची थांबती का?"

"तो यादीचं बोलला असता तर सोडलं असतं. तो म्हणतोय मी खोटं केलं."

"मग निघ ग्रुपमधनं."

"मी का निघू? मी काय चोरी केली?"

तिनं बटण दाबून धरलं आणि बोलली. आवाज चढवला नाही. "सुदर्शन साहेब, मी ठकूबाई बोलते. तुमी यंत्र घेऊन राजुरीला या. माझ्या गोठ्यात बसा. तीन दिवस बसा. जेवायला घालीन, झोपायची सोय करीन. आभाळ उघडलं तर उघडलं, न्हाई तर न्हाई. पन मानसाला खोटं म्हणायच्या आधी त्याच्या घरी येऊन बसायचं असतं."

दुसऱ्या दिवशी सुदर्शनचं उत्तर आलं, येतो म्हणून. आपण नाही गेलो तर घाबरलो असं दिसेल, असं त्याला वाटलं असावं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तो आला. सोबत लॅपटॉप, केंद्रं पकडायचं एक डबीएवढं यंत्र, टोपी आणि स्वतःचं पिण्याचं पाणी. अँटेना बघून तो जरा थबकला. मोजपट्टी लावून त्यानं नळ्या मोजल्या, मापं बरोबर निघाली. "कुणी करून दिली?" त्यानं विचारलं.

"मी केली," ठकूबाई म्हणाली. "चहात साखर किती?"

पहिला दिवस कोरडा गेला. पुणं, नाशिक, मुंबईची खरखर, बाकी काही नाही. सुदर्शन घामानं निथळत यंत्रासमोर बसला, ठकूबाई आपली कामं करत आली-गेली. संध्याकाळी तो म्हणाला, "होतं असं, ताई. मनाला लावून घेऊ नका."

"मी कुटं लावून घेतलंय?" ती म्हणाली. "आजून दोन दिस हायेत."

दुसराही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी सव्वाअकराला लॅपटॉपवरच्या रेघा एकाएकी उंच झाल्या. पुण्याचं एक केंद्र थरथरलं आणि बुडालं. ठकूबाई धावत येऊन खांबाला भिडली आणि तिनं तोंड ईशान्येला फिरवलं. टेपमधून एक पुरुष बोलायला लागला. हिंदीसारखी पण हिंदी नाही अशी भाषा, सूर डोंगराळ, मधे ढोलकीसारखं काहीतरी.

सुदर्शन उभाच राहिला. त्यानं यंत्रावरही तेच लावलं. दोन्हीकडून एकच आवाज. वय विसरून तो टाळी वाजवणार होता. "ताई, नेपाळ! लागलं की हो. तुमचं खरं ठरलं. मी आत्ताच ग्रुपवर टाकतो."

टेपला कान लावून डोळे मिटून ठकूबाई ऐकत राहिली.

"टाकू ना?"

"थांबा जरा."

सोपान तिच्यामागं येऊन हळू आवाजात म्हणाला, "व्हय म्हण की. तो स्वतः देतोय. कोन बघायला येतंय?"

तिनं डोळे उघडून नवऱ्याकडं असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरला.

माणूस बोलत होता. शेतीचं काहीतरी, मग हवामान. एक नाव दोनदा आलं. ठकूबाईनं वहीत लिहिलं, पुन्हा आलं तेव्हा त्याच्याखाली रेघ मारली.

"हे नेपाळ न्हाई," ती म्हणाली.

"अहो, भाषा तर..."

"भाषा जवळची हाय. पन नेपाळीत 'करतो'ला 'गर्छ' म्हणत्यात, दिलमाया नवऱ्याशी बोलती तसं. ह्यो तसं म्हणत न्हाई. आन् अल्मोडा म्हणला तो, दोनदा. अल्मोडा आपल्यात हाय, उत्तराखंडात. कुमाऊँकडचं केंद्र हाय हे."

सुदर्शननं लॅपटॉपवर आकडा आणि गाव जुळवून पाहिलं. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. केंद्र आणखी सहा मिनिटं टिकलं, क्षीण होत गेलं आणि त्याच्या जागी पुण्याची जाहिरात आली. गोठ्यात गाई रवंथ करत होत्या.

"मी तुम्हाला नेपाळ देत होतो," सुदर्शन म्हणाला. "घेतलं असतं तर कुणाला कळलं नसतं. मलाही नाही."

"मला कळलं असतं ना. आन् तुमी द्यायला नेपाळ काय तुमच्या खिशात हाय व्हय? मला लागलं ते मेमधी लागलं. आज लागलं ते अल्मोडा. आजचं आज लिवायचं, तवाचं तवा."

"बरोबर आहे. तुमची मेची नोंद मी परत घेतो. जाऊन यादीत टाकतो."

ठकूबाईनं वही मिटली. "असं न्हाई चालायचं, सुदर्शनभाऊ. मला खोटं म्हणला तवा समद्यांच्या म्होरं म्हणला. यादीत गुपचूप टाकून मिटत न्हाई ते. हितं बसून, माझ्या देखत, ग्रुपवर बोला. लिवू नका, बोला."

सोपानला वाटलं, पाहुणा उठून जातो आता. सुदर्शनच्या कानशिलांना रंग चढला होता. त्यानं मोबाईल हातात घेतला, ठेवला, पुन्हा घेतला.

"मी सुदर्शन बोलतोय, राजुरीहून," तो म्हणाला. "ठकूताईंवर मी खोटेपणाचा आरोप केला होता. न येता, न बघता केला. तो चुकीचा होता. आज मी जे चुकीचं ओळखलं ते त्यांनी माझ्यासमोर दीड मिनिटात दुरुस्त केलं, आणि ते दुरुस्त केल्यानं त्यांचा तोटा होणार होता. त्यांची पोखऱ्याची नोंद यादीत राहील."

मग तो जेवला. पिठलं-भाकरी आणि कांदा. दुसऱ्यांदा पिठलं मागून घेतलं आणि चारच्या एसटीनं गेला.

ग्रुपवर सगळ्यांचं समाधान झालं असं नाही. तिघांनी लिहिलं की एका माणसाच्या शब्दावर नोंद धरता येत नाही, निदान पुढं 'असत्यापित' अशी खूण करावी. ठकूबाईनं धार काढता काढता बोलून पाठवलं, "करा की. पन मग समद्यांच्याच नोंदींवर करा. तुमी केंद्रं टिपली तवा तुमच्या शेजारी तरी कोन बसलं व्हतं? माझ्या एकटीच्याच नावाम्होरं खूण का, ते सांगा."

आठवड्यानं सुदर्शननं स्वतःच्या जुन्या नोंदी उघडल्या आणि त्यातल्या तीन कापल्या. खाली लिहिलं, 'तेव्हा खात्री नव्हती, हौसेनं लिहिलं होतं.' त्याचं पाहून आणखी दोघांनी कापल्या. यादी बरीच लहान झाली.

जुलैत यादी निघाली तेव्हा आभाळाचा मोसम संपला होता आणि ठकूबाई रानात खुरपत होती. समृद्धीनं फोनवर तिला वाचून दाखवली. राजुरीच्या नावापुढं सेहेचाळीस जुनी केंद्रं होती, मग पोखरा, मग अल्मोडा, आणि एकाही नावापुढं कसलीच खूण नव्हती.

"आई, ऐकतेस ना?"

"ऐकते," ठकूबाई म्हणाली. "अल्मोड्याची वेळ बरोबर टाकलीय का बघ. सव्वाअकरा पायजे."